पियानोला श्वास लागत नाही

३ जानेवारी

ही डायरी धाकटीची. नव्या वर्षासाठी तिने ऑक्टोबरातच आणून ठेवली होती. तिचं सगळं आधीपासून तयार असायचं. पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि रक्तगट लिहिला आणि नोव्हेंबरात ती गेली. मेहुणे म्हणाले, "ताई, कपडे, चपला, सगळं देऊन झालं. पण कोरी डायरी कोणाला देऊ?" मी म्हटलं, द्या इकडे. आता तिच्या रक्तगटाखाली माझं अक्षर. बरं दिसत नाही, पण पान फाडवलंही नाही.

लिहायला कारण झालं ते मुंगीचं. मुंगी म्हणजे धाकटीची मुलगी, सोळा वर्षांची. लहानपणी सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची म्हणून हे नाव पडलं. ती आजपासून माझ्याकडे राहायला आली. मेहुण्यांची नोकरी फिरतीची, आणि बावीस मार्चला संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा. आठच जणांना घेतात. अकरा आठवड्यांत तिला तयार करायचं काम माझं. हात उत्तम आहे तिचा, मीच घडवलाय. स्वतःवर विश्वास मात्र नावाला नाही. तो कुठून आणायचा हे मला बेचाळीस वर्षं शिकवूनही नीट ठाऊक नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. क्लासात सांगत नाही.

७ जानेवारी

मुंगीने परीक्षेसाठी झोपाळाच निवडला. त्या रचनेचं खरं नाव लांबलचक आहे. मी आणि धाकटी तिला झोपाळा म्हणायचो, कारण डावा हात सारखा खालीवर झुलत असतो. तिसऱ्या पानावर तो डावा हात उजव्यावरून उडी मारून थेट वरच्या पट्ट्यांवर जातो. सगळी परीक्षा त्या एका उडीत आहे.

मुंगीने आज पहिली दोन पानं अशी वाजवली की मी हातातला चहा विसरले. तिसऱ्या पानावर उडी आली आणि हात हवेतच राहिला. मी म्हटलं, "जमेल. पुन्हा घे." पुन्हा तेच. चौथ्या वेळी तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत, मावशी."

शब्द धाकटीचेच, आवाज तिचाच, मान खाली घालायची तऱ्हासुद्धा तीच. ज्या स्टुलावर बसून धाकटी शिकली तेच स्टूल.

मुंगी स्वरलिपीचे कागद वापरते तेही आईचेच. उडीच्या बरोबर वर धाकटीने पेन्सिलने एक बारीक खूण केलेली आहे, स्वल्पविरामासारखी. गाणारे लोक श्वास घ्यायच्या जागी अशी खूण करतात. पियानोला कसला आलाय श्वास? धाकटीला दमा होता, स्वतःसाठी केली असेल बिचारीने.

१२ जानेवारी

मेहुण्यांना फोनवर सांगितलं की पोर हुशार आहे, फक्त भित्री आहे. ते म्हणाले, "आईवर गेलीय." मी फोन ठेवला.

तेव्हापासून ते लिहायचंच असं मनात आहे. लिहून टाकते.

माझी पहिली विद्यार्थिनी धाकटी. मी पंधराची, ती आठची. अकरा वर्षं शिकवलं. तिच्या एकोणिसाव्या वर्षी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, अडीचशे माणसं. ती झोपाळा वाजवत होती, मी शेजारी उभी राहून पानं उलटत होते. उडीशी आली आणि थांबली. पुन्हा मागून घेतलं, पुन्हा थांबली. मग तिने हळूच पियानोचं झाकण लावलं, उठली, लोकांना वाकून नमस्कार केला आणि आत गेली. पडद्यामागे म्हणाली, "ताई, माझ्याच्याने नाही होत." आणि मी तेव्हा सव्वीस वर्षांची दीडशहाणी, मी म्हटलं, "नाही तर नाही. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही."

त्या दिवसानंतर तिने पियानोला हात लावला नाही. एकतीस वर्षं. मला कधी टाकून बोलली नाही, उलट मुलगी सात वर्षांची झाली तशी माझ्याचकडे आणून बसवली. एक शनिवार आड दोघी यायच्या. ती स्वयंपाकघरात बसायची आणि आम्ही अवघड जागेशी आलो की नेमकी हाक मारायची. "ताई, साखर कुठे ठेवलीस?" "ताई, जरा इकडे ये, दूध उतू जातंय." ऐन वेळेला तिला साखर आठवायची. मी चिडायचे. हिला शिकवण्याची किंमत नाही म्हणायचे.

म्हणून ठरवलंय, मुंगीला एकही वाकडा शब्द बोलायचा नाही. फक्त प्रोत्साहन.

२० जानेवारी

माझी एक जुनी युक्ती आहे. ज्याला आपल्याला येत नाही असं वाटतं त्याचं वाजवणं मी दर आठवड्याला फोनवर टिपून ठेवते. दोन महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं लागोपाठ ऐकवते. शंभर वेळा शाब्बास म्हणून जे होत नाही ते तेवढ्याने होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

बेकरीवाल्यांना आज असंच ऐकवलं. एकसष्टीनंतर पियानो शिकायला आलेले हे माझे सगळ्यात कष्टाळू विद्यार्थी. पहिल्या दिवशी बोटं पसरून म्हणाले होते, "बाई, ही बोटं कणीक तिंबायची, ह्यांच्याने काय व्हायचंय." आज स्वतःचं ऑगस्टमधलं वाजवणं ऐकून इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "घरी तर ह्याहून बरं वाजतं, बाई. इथे आलं की काय होतं कोण जाणे." सगळेच असं म्हणतात. घरी सगळेच राजे.

२६ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली.

मुंगीने तिचे कानात घालायचे इअरफोन दिले, म्हणाली फोनच्या डब्यातून कसलं ऐकतेस, ह्यातून ऐक. दुपारी ती झोपली होती. मी कालचा झोपाळा लावला. उडी आली आणि ती थांबायच्या जराशी आधी, अगदी स्पष्ट, कोणीतरी श्वास ओढला. आत ओढलेला, अर्धवट, अडकलेला श्वास. सोडल्याचा आवाज नाही.

मुंगीचा नव्हे. तिचं तोंड फोनपासून दूर असतं, आणि पोर श्वास घेते की नाही कळतही नाही इतकी शांत. हा आवाज फोनच्या अगदी जवळ होता. फोन मी पियानोवर कडेला ठेवते, माझ्या पुढ्यात.

तीनदा ऐकलं. धाकटीचा दमा उठला की ती असाच श्वास ओढायची.

२८ जानेवारी

माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. धाकटीच्या कॅसेट मी टाकलेल्या नाहीत. धूळ झटकली, बटण दाबलं, आणि सतरा वर्षांची धाकटी झोपाळा वाजवायला लागली. इअरफोन त्यालाही लागला. उडीशी आली. श्वास. तोच. मग थांबली, आणि माझा आवाज: "जमेल. पुन्हा घे."

तेहतीस वर्षांच्या अंतराने एकाच खोलीत, एकाच जागी, तोच श्वास. मी विज्ञान मानणारी बाई आहे. पण कानाला खोटं कसं पाडू?

घाबरले का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, आली बाई. लेकीची परीक्षा म्हणून आली.

२ फेब्रुवारी

खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली. कोणाला काही सांगितलं नाही. मुंगीने विचारलं, "कोण येणारे?" मी म्हटलं, ऊन खायला ठेवलीय. ती खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली.

पाच वाजता त्या खुर्चीवर ऊन येतं आणि गादी जरा खाली दबल्यासारखी दिसते. जुनी गादी आहे, मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी

आज माझं मन थाऱ्यावर नाही. बेकरीवाल्यांची टेप इअरफोनवरून ऐकली. त्यांच्यातही आहे. ते झोपाळा वाजवत नाहीत, त्यांची आपली एक साधी चाल आहे. पण जिथे त्यांची करंगळी काळ्या पट्टीवर जायची असते आणि मला धाकधूक असते, नेमका तिथे श्वास. आणि मग त्यांचं अडखळणं. मागच्या वर्षीच्या मुलांच्या टेपा काढल्या. सगळ्यांत आहे. मागच्या वर्षी तर धाकटी जिवंत होती. ऑगस्टातही शनिवारी यायची, घाम पुसत जिना चढून.

म्हणजे तिचा जीव आधीपासूनच इथे अडकला होता. झाकण लावलं त्या दिवसापासून. अंगाने ती तिकडे संसार करत होती आणि श्वास इथे माझ्या पियानोपाशी. ज्याला ज्याला शिकवते त्याच्या अवघड जागी येऊन उभी राहते. का? मी तिला जे बोलले त्याचा हिशेब घ्यायला? की ह्या पोरांना अडवायला, म्हणजे त्यांनाही माझ्याकडून तेच ऐकावं लागू नये?

दवाखान्यातली शेवटची दुपार राहून राहून आठवते. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, मी शेजारी बसले होते. तिने मास्क बाजूला केला, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, श्वास सोड." मी नर्सला बोलावलं. म्हटलं हिला भ्रम झालाय, अडकलाय हिचा आणि सोडायला मला सांगतेय. त्यानंतर ती काही बोलली नाही.

१७ फेब्रुवारी

मुंगी दिवसेंदिवस वाईट वाजवतेय. मी दर वाक्याला शाब्बास म्हणते. आज तिने वाजवणं थांबवून विचारलं, "मावशी, तू खरंच शाब्बास म्हणतेस का?"

"म्हणजे?"

"तू म्हणतेस जमेल. पण तुला वाटत नाही जमेल."

मी चिडले नाही. म्हटलं, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या गळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू थोडा वेळ बाहेर बसशील?"

बेचाळीस वर्षांत मला कुणी माझ्या खोलीतून बाहेर जायला सांगितलेलं नाही. धाकटी निदान साखरेचं निमित्त तरी करायची. मी म्हटलं, शिक्षकाशिवाय शिकायचं तर मग मी कशाला हवी? त्यावर ती गप्प बसली. गप्प बसणं हा ह्या मायलेकींचा मोठा गुण.

२४ फेब्रुवारी

दुपारी शिकवत असताना खालच्या मजल्यावरची बाई आली, गच्चीच्या पाण्याची टाकी वाहतेय म्हणून. मी जिन्यात उभी राहून तिच्याशी बोलत होते. फोन आत पियानोवर तसाच चालू राहिला. आतून झोपाळा ऐकू येत होता आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की चौथं पान चालू आहे. उडी होऊन गेलेली. मी धावत आत गेले. मुंगी म्हणाली, "झालं वाटतं. कळलंच नाही."

"पुन्हा घे," मी म्हटलं. घेतलं. अडली.

संध्याकाळी टेप ऐकली. मी बाहेर असतानाच्या वेळात श्वास नाही. मी आत आल्यावरच्यात आहे. काय समजायचं ते समजले. धाकटी मुंगीसाठी आलेलीच नाही. ती माझ्यामागे आहे. मी जिन्यात गेले तर ती जिन्यात आली, मी आत आले तर ती आत आली. आणि ती जिथे येते तिथे तिची लेक अडते.

खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली. मग वाईट वाटलं म्हणून पुन्हा आणून ठेवली.

१ मार्च

मुंगीने बापाला फोन करून सांगितलं की तिला परीक्षा द्यायची नाही, घरी यायचंय. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू आलं. "बाबा, मावशीला नका सांगू, तिला वाटेल तिच्यामुळे." मेहुण्यांनी मग मला फोन केला. त्यांना म्हटलं, आठवडाभर थांबा. ते म्हणाले, "ताई, नसेल होत तर नको. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही." माझंच वाक्य एकतीस वर्षांनी हिंडून फिरून माझ्याच कानाशी आलं.

दुसरी पण जाणार. एकीचं झाकण माझ्यादेखत लागलं, आता हिचंही लागेल. खुर्चीला म्हटलं, तुला काय हवंय ते एकदा सांगून टाक. माझी पोर नाही, तुझी आहे, तिला तरी सोड. आणि मग लाज वाटली, की मी एका गादीशी भांडतेय.

६ मार्च

आज ट्यूनर आला. वर्षातून दोनदा येतो, पियानोच्या तारा सुरात लावायला. सत्तरी ओलांडलेला, कान मात्र मांजराचे. एक किल्ली खुंटीवर लावतो, कणभर फिरवतो, पट्टी दाबतो आणि ऐकत राहतो. दोन तारांचा सूर जुळला नसेल तर आवाजात बारीक थरथर असते, ती थांबेपर्यंत. मी शेजारी उभी होते, जशी नेहमी असते.

वरच्या एका तारेशी तो बराच वेळ झटत होता. ती तार जुनी आहे, तुटेल अशी मला भीती. त्याने किल्ली फिरवली, थांबला, पुन्हा सैल केली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा किल्ली काढली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा स्वयंपाकघरात जाता का?"

"का हो?"

"तुम्ही श्वास ओढला की मला थरथर ऐकू येत नाही. आणि हात पण थांबतो माझा."

"कधी ओढला मी श्वास?"

तो हसला. "आता घ्या. वीस वर्षं ओढताय. तार ताणायला घेतली की तुमचं सुरू. असा ओढता आणि धरूनच ठेवता. मला वाटतं तारेला काही होत नाहीये, मग ह्या का घाबरल्या? म्हणून मी थांबतो. सवय झालीय आता, तुमच्याकडे यायचं म्हटलं की तासभर जास्त धरूनच येतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ओट्याला धरून. तिकडे त्याने दोन मिनिटांत तार लावली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी वळसा कुठून घातला, तर मेलेल्या बहिणीच्या दारावरून.

७ मार्च

सगळ्या टेपा पुन्हा ऐकल्या. इअरफोन घालून, आरशासमोर बसून. उडी आली की आरशातली बाई तोंड किंचित उघडते, खांदे वर घेते आणि धरून ठेवते. टेपमधल्या श्वासाबरोबर आरशातला श्वास, एकावर एक. मी ऐकतानासुद्धा ओढत होते. तेहतीस वर्षांपूर्वीच्या टेपेवरसुद्धा.

मग धाकटीची ती पेन्सिलची खूण काढून बघितली. तिने स्वतःच्या श्वासासाठी केलेली नव्हती ती. पियानोला श्वास लागत नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने लिहून ठेवलं होतं की इथे ताईचा श्वास येतो. तयारीत राहा. सतराव्या वर्षी तिला कळलं होतं. त्यानंतर हॉलमध्ये अडीचशे माणसांसमोर पानं उलटायला मी तिच्या कानापाशी उभी राहिले. ती मला म्हणाली नाही की ताई, तू खाली जाऊन बस. म्हणाली, माझ्याच्याने नाही होत.

साखर कुठे ठेवलीस. दूध उतू जातंय. ताई, श्वास सोड.

आज जेवण गेलं नाही.

८ मार्च

सकाळी मुंगी बॅग भरत होती. तिच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "मला कळलं मी काय करते ते."

तिने घडी घालायची थांबवली. "कोणी सांगितलं?"

"ट्यूनरने. तुला माहीत होतं?"

"आईने सांगितलं होतं. मी लहान होते तेव्हाच. म्हणाली, मावशीकडे अवघड जागा आली की एक श्वास ऐकू येईल, त्याला घाबरायचं नाही. मावशी आपल्यासाठी घाबरते, म्हणजे तिचा जीव आहे आपल्यावर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणायची मावशीला सांगायचं नाही. तिचा सगळा जन्म शिकवण्यात गेला, तिला सहन नाही होणार."

मुंगी बॅगेच्या चेनशी खेळत होती. मग तीच म्हणाली, "मी प्रयत्न केला ना न घाबरायचा. पण मावशी, तुला सगळं कळतं संगीतातलं. तू तोंडाने म्हणतेस जमेल आणि आतून घाबरतेस. मग मला वाटतं आतलंच खरं असणार. तुला दिसत असणार मी पडणार ते."

"मला तू पडताना दिसत नव्हतीस," मी म्हटलं. "मला तुझी आई दिसायची."

ती रडली. मीही. मग मी तिची माफी मागितली, सोळा वर्षांच्या पोरीची, नीट शब्दांत. तिच्या आईची मागायची राहिली ती राहिलीच. बॅग कोणी रिकामी केली ते आठवत नाही, पण संध्याकाळी कपडे पुन्हा कपाटात होते.

१३ मार्च

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. श्वास ओढायचा नाही असं ठरवून बसले की दुप्पट ओढला जातो. बेकरीवाल्यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तुमची करंगळी अडते ती माझ्यामुळे. त्यांनी मान हलवली, जणू पाव का करपला ते आत्ता कळलं. मग म्हणाले, "भट्टीचं दार उघडताना आम्ही श्वास बाहेर सोडतो, बाई. आत ओढला तर घसा भाजतो. तुम्ही पण सोडत जा. ओढायला जागाच उरणार नाही."

असं साधं. त्यांची करंगळी आली तशी मी फू करून श्वास सोडला. मेणबत्ती विझवल्यासारखा. ते हसायला लागले आणि हसता हसता करंगळी बरोबर पडली.

मुंगीशी करार झाला आहे. शिकवायचं तेवढं शिकवते आणि सबंध वाजवायच्या वेळी जिन्यात जाऊन बसते. खालची बाई विचारते, "काय हो, चावी विसरलात का?" मी म्हणते हो.

उडी दहातून सात वेळा जाते. तीन वेळा मी जिन्यात असूनही अडते. इतक्या वर्षांचा श्वास, एकदम कसा निघेल?

२२ मार्च

परीक्षा झाली.

उमेदवाराबरोबर पानं उलटायला एक जण आत जाऊ शकतो. दारावरच्या माणसाने विचारलं, "आपण शिक्षिका ना? या आत." मी म्हटलं, नको, तिचं पाठ आहे. मुंगीने माझा हात दाबला आणि गेली. दार बंद झालं. मी समोरच्या बाकावर बसले. शेजारी दुसऱ्या एका मुलाची आई.

झोपाळा सुरू झाला. पहिलं पान, दुसरं. लाकडी दारातून आवाज जाड येत होता, पण सूर न सूर कळत होता. तिसरं पान आलं. छाती आपोआप भरायला लागली. मध्ये बंद दार आहे, तिथे ऐकू जाणार नाही हे कळत होतं, तरी मी तोंडावर हात ठेवला. आणि मग हाताखालीच मला धाकटीचा हात जाणवला, त्या दुपारचा, हलका आणि गार. सोड म्हणाली होती. सोडला. इतका मोठा सुटला की शेजारची बाई दचकून बघायला लागली. किती वर्षांचा होता कोण जाणे, संपेचना. त्या आवाजात आतलं मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा कान दिला तेव्हा चौथं पान चालू होतं.

मुंगी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "उडी?"

"थांबले."

"किती?"

"जरासंच. सवय ना. हात वर गेला आणि थांबला, वाट बघत." ती चपला घालत होती, खाली बघूनच बोलत होती. "पण कोणी आलंच नाही, मावशी. मग वाजवलं पुढे."

निकाल पंधरा दिवसांनी लागेल. रस्ताभर ती बडबडत होती, परीक्षकांच्या चष्म्याबद्दल, तिथल्या स्टुलाबद्दल. मी हं हं म्हणत चालले होते. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले. मुंगीसाठी नाही. धाकटीचाही हात असाच वर गेला होता आणि थांबला होता. तिनेही क्षणभर वाट बघितली असणार. आणि तिच्या शेजारी मी होते.